विधाते मंडळींचं होमपेज

वेबसाईट करून देणाऱ्या स्नेहलने लॅपटॉप वळवून सगळ्यांसमोर धरला, आणि इंदिरानगरमधल्या विधात्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पडद्यावर पांढरंशुभ्र रान पसरलं होतं. मधोमध एक गुलाबी जरबेरा. त्याच्याखाली नाजूक अक्षरांत एकच शब्द, 'पाकळी'. त्याहून खाली एक छोटं बटण, 'बोलूया'. संपलं.

"बाकीचं कधी येणार?" नवसाबाईंनी विचारलं.

"एवढंच आहे, आजी."

"नेट स्लो असेल," महेशराव सावरून घेत म्हणाले. ते नवसाबाईंचे धाकटे चिरंजीव, घरातले शिकलेले. पतसंस्थेत शाखाधिकारी होते, मुदतीआधी निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू चालेनाशी झाली की कारण तेच सांगायचे.

"नेट मस्त चालू आहे काका. डिझाईनच असं आहे. मुद्दाम मोकळी जागा सोडलीये. बघणाऱ्याची नजर आधी फुलावर जाते, मग नावावर, मग बटणावर. तो गोंधळत नाही."

"आमच्यात मोकळ्या जागेला पडीक म्हणत्यात," कोंडाजी म्हणाले. ते महेशरावांचे थोरले बंधू. मखमलाबादचा मळा त्यांच्याच जिवावर उभा. "अन् हे पाकळी काय हे? आपण पाकळ्या विकतो व्हय? आपण आख्खं फूल विकतो."

स्नेहल हसली. पहिल्या दिवशी ती पुष्कळ हसायची, हे इथे नमूद करून ठेवलेलं बरं.

आता या पडीक रानावर एवढं काय अवलंबून होतं? तर त्यावर जरबेरा अवलंबून होता. विधात्यांची फुलं वडिलांच्या, म्हणजे केरू आप्पांच्या काळापासून फुलबाजारात जायची. झेंडू, शेवंती, निशिगंध. पहाटे टेम्पोत भरायची आणि देवाला सोपवायची. एकदा जेवताना, श्रीखंडाची तिसरी वाटी पोटात असताना, महेशराव म्हणून गेले, "दादा, यंदा पॉलीहाऊसमध्ये सगळा जरबेरा लाव. लग्नांच्या डेकोरेशनचं काम मी आणतो." कोंडाजींनी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नव्हतं. विहीर खणताना पाणाड्याचंही ऐकलं नव्हतं आणि खडक लागल्यावर खडकाचंही ऐकलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी धाकट्या भावाचं ऐकलं. उभी ढोबळी मिरची उपटून जरबेरा लावला.

मग महेशरावांनी गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टला मेलवर मेल पाठवले. हे रिसॉर्ट असं की तिथल्या हिरवळीवर लग्न झालं नाही तर नवरा-बायकोचं पटत नाही, असं लोक समजतात. तिथल्या लग्नांचं काम बघणाऱ्या दीपमाला मॅडमनी कधी महेशरावांना पाहिलं नाही, त्यांच्याशी बोलल्या नाहीत. फक्त एक उत्तर आलं. सगळ्या सीझनचं काम एकालाच द्यायचं आहे, वेबसाईटची लिंक पाठवा, सोमवारी ठरवणार.

आणि तिकडे जरबेऱ्याला कळ्या धरल्या. जरबेऱ्याला मेल वाचता येत नाही. तो आपल्या वेळेला फुलतो.

"म्हयशा," कोंडाजी एकदाच म्हणाले होते, "तुझ्या शब्दावर लावलंय बरं." एवढंच. पण तेव्हापासून महेशरावांना जेवण जात नव्हतं, आणि श्रीखंडाकडे तर बघवत नव्हतं.

असा सगळा प्रकार असताना पोरीने वेबसाईटवर एकच फूल लावलं. मळ्यात लाखभर, आणि वेबसाईटवर एक!

"मॅडमला वाटायचं, एवढंच आलं यंदा," कोंडाजी म्हणाले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गोरक्ष खैरनार साखर मागायला आले. साखर मागायला आलेला माणूस साखर घेऊन गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खैरनारांचं पिंपळगाव बसवंतला हायवेवर फ्लेक्स छापायचं दुकान. बारशापासून दहाव्यापर्यंत माणसाचं जे काही होतं ते त्यांच्या मशीनमधून बाहेर पडतं. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर त्यांनी इतके शुभेच्छुक बसवले होते की वाऱ्याने तो फ्लेक्स पडला तेव्हा लोकांनी आधी जखमींची चौकशी केली.

खैरनारांनी लॅपटॉपकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं. सटाण्याकडचा माणूस, धक्का बसला की गावाकडची बोली बाहेर यायची. "यामा काहीच नही शे!"

"तेच म्हणतोय मी," कोंडाजी म्हणाले.

"विधाते साहेब, राग मानू नका. पण गिऱ्हाईक काय बघतं? माणसं बघतं. मागे किती माणसं उभी आहेत ते बघतं. तुम्ही माणूसच टाकलं नाही. मधे मोठा मालक पाहिजे, दोन बाजूंना दोन भाऊ पाहिजेत, खाली सगळं कुटुंब पाहिजे. ज्याचा मान मोठा त्याचा फोटो मोठा. हे लेआउट मी शोधलेलं नाही, हे पूर्वापार चालत आलंय."

"मोठा मालक म्हणजे आप्पा," नवसाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "त्यांच्या हाताची फुलं. त्यांना सोडून कसलं दुकान काढता?"

केरू आप्पांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचा एकुलता एक फोटो भिंतीवर होता, आणि तो हारासकट काढलेला होता. म्हणजे असं की, मूळ फोटो पावसाळ्यात खराब झाला. राहिला तो हार घातल्यानंतर कुणीतरी फोटोचा काढलेला फोटो.

"हार काढून टाकता येईल," स्नेहल म्हणाली.

"काढू नको," नवसाबाई म्हणाल्या. "फुलवाल्याच्या गळ्यात हार नको तर काय टाय पाहिजे?"

महेशरावांच्या पत्नी छायाताई इतका वेळ दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या मुलीला तिचं काम करू द्या ना. तुम्ही डॉक्टरला इंजेक्शन कुठे द्यायचं ते सांगता का?"

"सांगतात," खैरनार म्हणाले. "आमच्याकडे सांगतात."

पुढचा आठवडा स्नेहलच्या आयुष्यातून वजा धरावा. ती रोज यायची, रोज काहीतरी वाढायचं. आधी नाव गेलं. 'पाकळी' जाऊन 'कै. केरू आप्पा विधाते पुष्प सेवा' आलं. तिने सुचवून पाहिलं की नावात 'कै.' नको, लग्नाचं काम आहे. कोंडाजींनी डोळे मोठे केले. "मग काय आप्पा हायेत म्हणून सांगायचं? खोटं बोलून धंदा नाय करायचा आपल्याला." पुढे काय झालं ते पाहता, हे वाक्य कोंडाजींच्या तोंडचं आहे हे वाचकाने ध्यानात ठेवू नये. त्यांनीही ठेवलं नाही.

नाव नोंदवायला महेशराव स्वतः एका कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. "मालक कैलासवासी आहेत?"

"ते दुकानाचं नाव आहे."

"म्हणजे दुकान वारलंय?"

"दुकान नवीन आहे हो. नाव वडिलांचं आहे."

"मग मालकाचा अंगठा लागेल."

"मालक मी आहे!"

"मग तुम्ही कैलासवासी कसे?" बाईंनी काळजीने विचारलं, आणि मागच्या खुर्चीतल्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सर, हे गृहस्थ बघा जरा." शाखाधिकारी म्हणून ज्यांनी उभ्या आयुष्यात लोकांना तीन-तीन फेऱ्या मारायला लावल्या, त्या महेशरावांनी तीन फेऱ्या मारल्या. देवाकडे असल्या गोष्टींची नोंद असते, असं त्यांना त्या दिवशी प्रथम वाटलं.

मग रंग आले. स्नेहलने ठरवलेला गुलाबी खैरनारांनी बाद केला. "गुलाबी म्हणजे बारसं. वजन पाहिजे. काळा घ्या आणि जांभळा घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो." तो त्यांच्याकडे कुठल्या कामाला सगळ्यात जास्त चालतो, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मग वरून पाकळ्या गळायला लागल्या. एकामागून एक, सावकाश, थांबेचनात. मग 'बोलूया' हे बटण नवसाबाईंना उर्मट वाटलं, म्हणून तिथे 'आपले विनीत' आलं आणि त्याखाली घरातल्या सगळ्यांची नावं, नातवंडांसकट. मग स्थापनेचं वर्ष हवं झालं. आप्पांनी मळ्यात पहिला झेंडू लावला तो १९७१ साली, आणि डिजिटल शुभारंभ २०२५ साली, म्हणून 'स्थापना १९७१ – डिजिटल शुभारंभ २०२५' अशी ओळ सोनेरी अक्षरांत बसली. महेशरावांचा जन्मही १९७१ सालचाच. आप्पांनी दोन्ही कामं एकाच हंगामात उरकली होती.

राहता राहिला महेशरावांचा फोटो. इथे मात्र दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. आप्पा मधे असोत, मोठे असोत, पण संपर्क आपल्याशी करायचा आहे, तेव्हा क्रमाने पहिला फोटो आपला यावा, असा हट्ट त्यांनी धरला. फोटो खैरनारांनी तयार करून दिला. खैरनारांच्या कॉम्प्युटरमध्ये एक निळा ब्लेझर आहे. अर्धा निफाड तालुका त्या एका ब्लेझरमध्ये बसून गेलेला आहे. सरपंच, पैलवान, दहावीला पहिली आलेली मुलगी, आणि एकदा शर्यत जिंकलेला बैलसुद्धा. बैलाला तो खांद्यात जरा घट्ट झाला. महेशरावांना तो ब्लेझर चढवला, डोक्यावर पंचवीस वर्षांपूर्वीचे केस लावले, मिशी काळी केली आणि चेहरा इतका उजळवला की छायाताई म्हणाल्या, "हे कोण?"

"मी."

"लग्नाच्या वेळी असे दिसला असतात तर माझ्या वडिलांनी चौकशी केली असती."

स्नेहल आता हसत नव्हती. आधी ती "काका, पण" असं म्हणायची. मग "ओके काका" म्हणायला लागली. मग नुसतं "ओके." शेवटी शेवटी ती फक्त मान हलवायची, आणि तीसुद्धा कुठल्या दिशेने ते कळायचं नाही. वेबसाईटच्या तळाशी 'रचना : स्नेहल' असं होतं, तेवढं तिने एका दुपारी गुपचूप काढून टाकलं.

फक्त एका गोष्टीवर ती अडून बसली. "काका, हे मोबाईलवर नीट बसत नाहीये. छोट्या स्क्रीनवर बाजूबाजूचे फोटो एकाखाली एक येतात. आजोबांचा हार तुम्ही मोठा करायला सांगितला म्हणून मी तो वेगळा लावलाय, तो आपल्या जागेवरच राहतो. मला दोन दिवस द्या."

"सोमवारी मॅडम ठरवणार. आणि रविवारी सकाळचा मुहूर्त आहे," महेशराव म्हणाले. मुहूर्त कोंडाजींनी गुरुजींकडून काढून आणलेला. विहिरीला काढला नव्हता, म्हणून या वेळी आवर्जून काढला.

"काका, लोक मोबाईलवरच बघतात हो!"

"फ्लेक्स काय कुणी मोबाईलवर बघतं का?" खैरनार म्हणाले, आणि चर्चा संपली.

रविवारी सकाळी वेबसाईट हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावली. काय दिसत होती! मधे हारातले आप्पा, डावीकडे ब्लेझरमधले महेशराव, उजवीकडे फेट्यातले कोंडाजी, वरून पाकळ्यांचा सडा. नवसाबाईंनी टीव्हीला ओवाळलं. कोंडाजींनी नारळ फोडला, त्याचं पाणी रिमोटवर उडालं आणि रिमोट कायमचा शांत झाला. महेशरावांनी कृतार्थ मनाने लिंक दीपमाला मॅडमना पाठवली. आणि आनंद पोटात मावेना म्हणून नातेवाइकांना, जुन्या पतसंस्थेला आणि सोसायटीच्या ग्रुपवरही पाठवली.

त्या सगळ्यांनी ती मोबाईलवर उघडली.

मोबाईलवर काय झालं होतं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण महेशरावांना ते समजायला सबंध सकाळ लागली. तिथे फोटो एकाखाली एक आले. क्रमाने पहिले महेशराव, खाली त्यांचं नाव. आप्पांचा हार आपली जागा सोडायला तयार नव्हता, तो बरोब्बर महेशरावांच्या गळ्यात पडला. लांबलचक नाव एका ओळीत मावेना, म्हणून त्यातलं 'कै.' तेवढं फोटोच्या डोक्यावर राहिलं आणि बाकीचं पडद्याबाहेर गेलं. सोनेरी ओळीतले शब्द जागेअभावी गळाले, आकडे राहिले. १९७१ – २०२५. त्याखाली 'आपले विनीत' आणि सगळं कुटुंब. मागे काळा आणि जांभळा. वरून पाकळ्या.

पहिला फोन मुंबईहून आला. अनोळखी गृहस्थ होते, कुणीतरी लिंक पुढे पाठवलेली. रामकुंडावर वडिलांचा दहावा आहे, फुलांची व्यवस्था तुमच्याकडेच होते ना? महेशराव चिडून म्हणाले, "आम्ही लग्नाची कामं करतो!" पलीकडच्या गृहस्थांनी वेबसाईट परत उघडून पाहिली. "तुमचा फोटो बघून तसं वाटलं नाही," ते म्हणाले.

मग सोसायटीचा ग्रुप वाजू लागला. ॐ शांती. भावपूर्ण श्रद्धांजली. मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं. हे शेवटचं ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी महेशरावांचं पार्किंगवरून तीन वर्षं बोलणं नव्हतं. महेशरावांनी ताबडतोब उत्तर टाकलं, 'मी जिवंत आहे.' त्यावर सेक्रेटरींचा संदेश आला, 'दिवंगतांच्या फोनवरून कृपया कुणी असले प्रकार करू नयेत. प्रसंगाचं गांभीर्य राखावं.' आणि त्यांनी महेशरावांना ग्रुपमधून काढून टाकलं.

"मला काढलं!" महेशराव ओरडले.

"माणूस गेल्यावर काढतातच," छायाताई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. पण आतून दुसरा फोन वाजला, मग तिसरा, आणि मग त्यांचंही हसू हळूहळू उतरलं.

दुपारपर्यंत निफाडचे पाहुणे दारावर आले. दारावर जायचं तर उशीर करून चालत नाही, आणि गाडी भरून जावं लागतं. पुढे लंकाबाई, महेशरावांच्या चुलत आत्या. जिना चढतानाच त्यांनी गळा काढला होता, "आरं माझ्या म्हयशाऽऽ, कसा रं गेलास!" दार महेशरावांनीच उघडलं. लंकाबाईंनी त्यांच्या गळ्यात पडून तसंच पुढे चालू ठेवलं. डोळे मिटलेले, त्यामुळे कुणाच्या गळ्यात पडलोय ते त्यांना दिसलं नाही.

"आत्या, मी महेश."

लंकाबाईंनी डोळे उघडले. निरखून पाहिलं. आणि एक फाडकन ठेवून दिली. "मुडद्या! आम्ही तुझ्यापायी सकाळधरनं चूल पेटवली नाय!"

सगळ्यांना जेवायला घालावं लागलं. बावीस माणसं होती असं कोंडाजी म्हणतात. छायाताई म्हणतात की चाळीस होती, त्यातली निम्मी कोण होती ते लंकाबाईंनाही माहीत नव्हतं.

स्नेहलचा फोन लागला तेव्हा ती पुण्याच्या रस्त्यावर होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "काका, म्हणजे तुम्ही..." ती म्हणाली. नंतर संध्याकाळपर्यंत तिने सगळं दुरुस्त करून दिलं. पण गेलेल्या माणसाला परत आणणं हे वेबसाईटच्या हातात नसतं. मॅडमनी ती सकाळीच पाहिली असणार, आता कुठल्या तोंडाने मेल करायचा, म्हणून महेशरावांनी काम गेलंच असं धरलं.

दुसरा दिवस उजाडला. सोमवार. मळ्यातून कोंडाजींनी फोन केला, जरबेरा उमलायला लागला होता. महेशराव तसेच मळ्यात गेले. बनियन, अर्धी चड्डी, डोक्याला टॉवेल. भावाच्या समोर उभं राहायला तोंड नव्हतं, म्हणून खाली वाकून फुलं दांड्यासकट काढत राहिले. लाल, पिवळी, केशरी. इतकी देखणी फुलं की त्यांच्याकडे पाहून रडावंसं वाटावं. ही सगळी आता फुलबाजारात जाणार, आणि झेंडूच्या ढिगाशेजारी बसून दुपारी माना टाकणार. कोंडाजी शेजारच्या वाफ्यात होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जुड्या बांधून पहाटे बाजाराला पाठवायच्या म्हणून दुपारी दोघं फुलांचे गठ्ठे घेऊन इंदिरानगरला आले. कोंडाजी पुढे गेले. महेशराव गाडीतून उरलेलं काढायला मागे राहिले. खाली एक मोठी पांढरी गाडी उभी होती, तिच्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

वर हॉलमध्ये दीपमाला मॅडम बसल्या होत्या. पांढरी साडी, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. कोंडाजी आत येताच त्या उठून उभ्या राहिल्या आणि तो त्यांच्या हातात दिला. कोंडाजींनी सवयीने दांडा दाबून पाहिला. "हा माल परवाचा हे," ते म्हणाले.

मॅडमना तो दुःखाचा परिणाम वाटला. त्या छायाताईंकडे वळल्या. "मंगळसूत्र काढलं नाहीत, बरं केलंत. मी पण असल्या प्रथांच्या विरोधात आहे."

छायाताई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. मॅडम आल्यापासून त्यांनी चारदा तोंड उघडलं होतं आणि चारही वेळा मॅडमनी हात दाबून म्हटलं होतं, "काही बोलू नका." आता त्यांनी पाचव्यांदा धीर केला. "मॅडम, ते खरं म्हणजे—"

"मला बोलू द्या आधी. खरं सांगू? मी वेबसाईट बघितली आणि नाही म्हणणार होते. इतकी वाईट वेबसाईट मी आजपर्यंत पाहिलेली नाही. लग्नाची कामं हवीत आणि काळा-जांभळा? माझ्याकडे बाकीच्या सगळ्या छान छान होत्या. पण मग कळलं की ही धंद्याची वेबसाईट नाहीच. श्रद्धांजलीची आहे. किती नेमके मेल लिहायचे ते! असा माणूस गेला, आणि मागे घरच्यांनी लगेच त्यांच्यासाठी एवढं केलं. मी मालकांशी बोलले, ताई. सगळ्या सीझनचं काम तुम्हाला दिलंय. तुमच्या नावाने."

कोंडाजींनी हातातल्या जरबेऱ्याच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. नवसाबाई रडत होत्या. कालपासून सगळेच रडत होते, त्यामुळे त्यांनाही नीट आठवत नव्हतं कशासाठी.

आणि दारात महेशराव आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल, दोन्ही काखांत फुलं, टॉवेलातून डोकावणारं टक्कल आणि पांढरी मिशी.

मॅडमनी वळून पाहिलं. "हे कोण?"

छायाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. खरं बोलायचंच असं त्यांनी ठरवलं होतं, असं त्या आजही शपथेवर सांगतात. पण कोंडाजी आधी बोलले.

"गडी हे आपला. फुलं लावतो."

महेशरावांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. कोंडाजींच्या नजरेत काय होतं ते सांगता येत नाही. पण या माणसाने आजवर खडकाकडेही असं गयावया करून पाहिलं नव्हतं. महेशरावांनी फुलं खाली ठेवली. टॉवेल जरा पुढे ओढला.

"चेहरा साहेबांशी थोडा जुळतो," मॅडम म्हणाल्या.

"भावकीतलाच हे," कोंडाजी म्हणाले. "लांबचा."

तर असा तो सीझन झाला. लग्नामागून लग्नं. विधात्यांच्या जरबेऱ्याने त्या हिरवळीवर कमानी उभ्या राहिल्या, मांडव सजले, नवऱ्यामुलांच्या घोड्यांनी त्यातलं थोडंफार खाल्लंही. एक फूल वाया गेलं नाही. पंचक्रोशीत कोंडाजींचं नाव झालं, छायाताईंचं तर दोन ठिकाणी कर्तबगार महिला म्हणून कौतुक झालं, तिथे त्यांच्या मागे शिडी धरून एक टॉवेलवाला गडी उभा होता. महेशरावांचा शब्द खरा झाला. फक्त तो खरा झालेला बघायला महेशराव तिथे नव्हते.

आणि मॅडम मनाने फार चांगल्या. डेकोरेशनच्या खोलीत, दारासमोरच, त्यांनी स्वखर्चाने एक फ्रेम लावली. निळा ब्लेझर, काळे केस, उजळ चेहरा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तिला ताजा हार घालायचा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. आणि हे काम त्यांनी विश्वासाने एकाच माणसावर सोपवलं.

एकदा असाच हार घालून तो शिडीवरून उतरत होता. मॅडम आत आल्या आणि थबकल्या.

"आज झेंडू का? साहेबांना शेवंती आवडायची ना?"

"नाही," तो पटकन बोलून गेला. "शेवंतीनं त्यांना शिंका यायच्या."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग परत त्याच्याकडे. "तुम्ही जवळून ओळखायचात त्यांना?"

शिडीच्या खालच्या पायरीवर महेशराव थांबले. समोरच्या त्या गोऱ्या, भरघोस केसांच्या, ब्लेझरमधल्या गृहस्थांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "तोंडओळख होती."